कोरडीचा अर्धा तास

आयुष्यात एकदाच मी एखाद्या माणसाची नोकरी जाईल इतके चोख लिहिले. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत तो कागद समोर ठेवला, दोनदा वाचला, आणि तो मला आवडला. आज पंचावन्न वर्षांचा झाल्यावर त्या कागदातल्या चुकीपेक्षा तो आवडल्याची आठवण मला अधिक टोचते.

एकोणीसशे तीस साल उलटून चार-पाच वर्षे झाली असावीत. मी बारामतीस कालव्याच्या कचेरीत नोकरीला होतो आणि माळेगावच्या बाजूचे काही फाटे माझ्या देखरेखीखाली होते. फाट्यावरून शेतांकडे जाणाऱ्या प्रत्येक चारीच्या तोंडाशी एक लोखंडी दार असते. पाण्याची पाळी आली की ते ठरल्या वेळी उघडायचे आणि ठरल्या वेळी मिटायचे, हे पाटकऱ्याचे काम. त्याने ते तसे केले की नाही हे पाहायचे, हे माझे. माझ्या पाटकऱ्यांत एक वयस्क गृहस्थ होते. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांची नोकरी संपायला दोन-तीन वर्षे उरली होती.

चैत्रातल्या एका दिवशी मी न कळविता त्यांच्या चारीवर गेलो. दार बाराला बंद व्हायला हवे होते. बारा वाजले, सव्वाबारा झाले, तरी तात्या बांधावर स्वस्थ बसून होते. शेवटी उठून त्यांनी स्वतःच्या सावलीकडे पाहिले आणि दार मिटले. तेव्हा साडेबारा झाले होते. मी झाडाआडून पुढे आलो आणि घड्याळ त्यांच्यासमोर धरले.

"हा अर्धा तास कोणाला दिलात, तात्या?"

"कुनाला न्हाय, साहेब. चारीला दिला."

"चारी म्हणजे काय शेत आहे?"

"शेत न्हाय, पन कोरडी हाय. तिची कोरड मोडल्याबिगर शेवटच्या गड्याला पानी पोचत न्हाय. एक डाव संगं चला, दावतो तुमास्नी."

मी गेलो नाही. ऊन फार होते. शिवाय मला हे कळते, अशी माझी खात्री होती. माझे स्वतःचे गाव जिरायती, आकाशाकडे बघून पेरणी करणारे. कालव्याचे पाणी मी शिकलो ते नकाशावर आणि कोष्टकांत. त्या कोष्टकांच्या आधाराने मी अहवालात लिहिले की, दार बंद झाल्यावरही चारीत उरलेले पाणी उताराने शेवटच्या शेतास पोहोचतेच. सबब जादा वेळ कोणाच्या तरी लाभासाठी दिला गेला असला पाहिजे. 'असला पाहिजे' या दोन शब्दांत मी एका माणसाला चोर ठरविले आणि त्याला कामावरून दूर करण्याची शिफारस केली.

मोठे साहेब फिरतीवर होते आणि गुरुवारी परतणार होते. कागद हेडक्लार्कच्या स्वाधीन करून मी आठ दिवसांची रजा घेतली. मुलींच्या शाळेला सुट्टी लागली होती. पत्नीचे माहेर इंदापूर तालुक्यात, शेळगावला. कित्येक वर्षांत आम्ही सारे मिळून तिकडे गेलो नव्हतो.

मेव्हण्याने वाटेवर बैलगाडी पाठविली होती. वस्ती शेतातच होती. घरात सासूबाई, मेव्हणा आणि त्याची बायको. माझी पत्नी पहिल्याच दिवशी भावजयीबरोबर भेंडी तोडायला गेली, मुली चिंचेच्या झाडाखालून हलेनात, आणि मी मात्र जावई होतो. जावयाने सासुरवाडीस काडी उचलणे म्हणजे त्या घराला कमीपणा. एकदा विहिरीवरून येताना मी घागर उचलली, तर सासूबाईंनी ती वाटेतच माझ्या हातून काढून घेतली. मला घोंगडी पसरून दिली जाई, दुपारी आमरस वाढला जाई, आणि संध्याकाळी पुन्हा घोंगडी.

मेव्हणा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. थट्टा करणे हा त्याचा हक्कच होता, आणि तो त्याने पुरेपूर वापरला.

"दाजी, अंग दुखत आसंल न्हवं? बसून बसून?"

"काही काम सांग, म्हणजे बसणार नाही."

"काम? तुमाला?" तो बहिणीकडे वळे. "आक्का, दाजींना हिशोबानं झोपायला लाव. एवढ्या वाजता डोळं मिटायचं, एवढ्या वाजता उघडायचं. कचेरीचा मानूस हाय."

पत्नी हसे. मीही हसे. परंतु रिकामेपण सहन करण्याची सवय मला नव्हती, आणि रिकाम्या माणसाला दुसऱ्याच्या कामात लक्ष घालण्याची फार घाई असते. मी मेव्हण्याच्या शेताभोवती फिरू लागलो. बांध किती रुंद, वाफे किती लांब, गडी किती वेळा पाणी प्यायला थांबतो, हे मनात नोंदवू लागलो. कोणी विचारले नसता दोन-तीन सूचनाही केल्या. मेव्हण्याने "व्हय दाजी" म्हणून त्या ऐकून घेतल्या.

त्याची जमीन चारीच्या अगदी शेवटाला होती. त्या तुकड्यात भेंडी नुकती फुलावर आली होती. ती भेंडी नव्या साखर कारखान्याच्या वसाहतीत विकली जायची. गाडी एक दिवसाआड भरायची. मंगळवारी पाण्याची पाळी होती. त्यानंतरची पाळी बारा दिवसांनी. फुलावरच्या भेंडीला वैशाखात बारा दिवस पाणी मिळाले नाही तर कळी गळते आणि तो हंगाम संपतो. हे मेव्हण्याने मला मंगळवारी सकाळी सांगितले आणि खोरे खांद्यावर टाकून तो दारं धरायला, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवायला, शेतात गेला.

मी छत्री घेऊन चारीच्या तोंडाशी गेलो. हौस म्हणून गेलो, असे तेव्हा मनाला सांगितले. तिथला पाटकरी तरुण होता. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"रावसाहेब बारामतीच्या कचेरीतलं न्हवं?"

"हो. पण मी रजेवर आहे. तुम्ही आपलं काम चालू द्या."

तो पुन्हा बसला नाही. मीही गेलो नाही. बाराच्या सुमारास मी घड्याळ काढून तळहातावर धरले. बारा वाजले तेव्हा मी एक शब्दही बोललो नाही. नुसते घड्याळाकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे. तो क्षणभर चारीच्या दूरच्या टोकाकडे पाहत राहिला. मग त्याने दार मिटले. काम न बोलता, नुसत्या उभे राहण्याने चोख होते, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला. हे लिहिताना हात अडतो. पण जे वाटले ते लिहिले पाहिजे.

चारीत उरलेल्या पाण्याबरोबर मी मेव्हण्याच्या शेताकडे चालू लागलो. प्रथम ते माझ्या पुढे धावत होते. नंतर आम्ही बरोबरीने चाललो. पुढे पुढे मला थांबून त्याची वाट पाहावी लागली. पाणी उथळ झाले, मग त्याच्यातून तळाची ढेकळे दिसू लागली. दोन्ही काठांची माती मात्र हातभर वरपर्यंत काळी पडत चालली होती.

मेव्हणा पोटरीभर चिखलात उभा होता.

"दाजी, पानी का तुटलं?"

"तुटलं नाही. बारा वाजले, दार मिटलं. चारीतलं उरलेलं येतंय मागून."

"बाराला मिटलं? दर पाळीला तर ह्यो गडी कोरडीचा अर्धा तास सोडतो. आज काय झालं त्याला?"

मी सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "उरलेलं येईल. उतार आहे."

"अकरा वाफं ऱ्हायल्यात," तो म्हणाला आणि खोऱ्यावर रेलून उभा राहिला.

आम्ही दोघे वाट पाहू लागलो. आयुष्यात मी पुष्कळ माणसांची वाट पाहिली आहे, पण पाण्याची अशी कधीच पाहिली नव्हती. ते आले, एखाद्या दोरीसारखे, मध्येच जाड, मध्येच बारीक. आमच्यापासून वीसेक पावलांवर ते थांबले. तिथे थोडा फेस जमला, एक वाळके पान त्यावर फिरले आणि बसले. मी उभा होतो तिथून डोळ्यांदेखत जमीन ते पिऊन गेली.

मेव्हण्याने खोरे बांधावर ठेवले. मग म्हणाला, "तुमच्या घड्याळाला इचारा बरं दाजी, राह्यलेलं कुठवर आलंय."

त्याने रागाने म्हटले नव्हते. तेवढ्यात त्याचा शेजारी बांधावरून ओरडून सांगून गेला की पाटकऱ्याच्या डोक्यावर आज कचेरीतला साहेब उभा होता. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिले. त्याला सारे कळले. जावई होतो म्हणून तो एक शब्दही बोलला नाही, आणि मला त्याच्या गप्प राहण्याचीच शिक्षा झाली.

"विहिरीला किती पाणी आहे?" मी विचारले.

"मोट चालण्याजोगतं न्हाय. घागर बुडंल इतकं हाय."

"मग कावडीने घालू."

"अकरा वाफं? कावडीनं?"

"जेवढे होतील तेवढे."

सासूबाई धावत आल्या. जावयाच्या खांद्यावर कावड दिसली तर शेळगावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. "पाव्हणं, आमच्या घराला नावं ठिवतील लोक. तुमी सावलीला बसा, म्या घालते पानी."

मी काही बोलण्याआधी पत्नी म्हणाली, "घालू दे आई त्यांना. नावं ठेवायची तर अर्धी त्यांनाही ठेवतील." आणि माझ्याकडे वळून, "टोपी काढा, उपरणं डोक्याला बांधा. आणि पाय जपून टाका. वाफ्यात गेलात तर रोपं तुडवाल."

मी, मेव्हणा आणि पत्नी, तिघे दिवस मावळेपर्यंत वाहत होतो. सासूबाई आणि भावजय विहिरीवर घागरी भरून देत; मुली तांब्याने एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालीत. माझ्या कावडीतले अर्धे पाणी वाटेतच सांडे. मेव्हणा सुरुवातीस माझ्यामागून येऊन सांडलेल्या ओलीकडे बोट दाखवी आणि म्हणे, "दाजी, ही बघा चारीची कोरड." तिसऱ्या खेपेनंतर त्याने थट्टा सोडली आणि खांदा कसा बदलायचा ते दाखविले. सात वाफे भिजले. चार राहिले. त्या चारांतली भेंडी पुढे गळून गेली, हे मला पत्रातून कळले.

कावड वाहताना मी काय विचार करीत होतो, ते मला नीट आठवते. प्रथम शरम वाटत होती, मेव्हण्याच्या अकरा वाफ्यांची. पाचव्या-सहाव्या खेपेला एकदम माळेगावची चारी डोळ्यांपुढे आली. तिच्या शेवटाला कोण होते, हे मला ठाऊकच नव्हते. तात्यांनी मला बोलावले होते आणि मी गेलो नव्हतो. ज्या पाण्याचा मी अहवालात हवाला दिला होता, ते येत नाही, हे मी आज स्वतः पाहिले होते. आणि तो अहवाल गुरुवारी साहेबांपुढे जाणार होता. एखाद्याची भाकरी जायची वेळ आली आहे आणि मी येथे घागरी वाहून मनाचे समाधान करून घेत आहे, असे मला वाटले. घागरी तरी खाली ठेवता येत नव्हत्या. त्या संध्याकाळपर्यंत वाहिल्याच पाहिजेत आणि सकाळी निघालेच पाहिजे, एवढे मी ठरविले.

जेवताना पत्नीला सर्व सांगितले.

"मुलींना इंदापूरच्या बाजाराला नेतो म्हणाला होतात," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"ते माझं मी बघते. तुम्ही उजाडताच निघा. आणि तिथं जाऊन गोलगोल लिहीत बसू नका. चुकलं ते चुकलं म्हणा."

बुधवारी मेव्हण्याने गाडी जुंपून मला सडकेवर सोडले. मोटार दुपारपर्यंत आली नाही. आली ती भरून आली. मी सामानाच्या पोत्यांवर बसून बारामतीस उतरलो आणि घरी न जाता थेट कचेरी गाठली. हेडक्लार्क टेबल आवरीत होता.

"साहेब एक दिवस आधीच आले," तो म्हणाला. "तुमचा कागद सकाळीच सही होऊन गेला. म्हाताऱ्याला दुपारी कळवलंसुद्धा." मग थोडे कौतुकाने, "फार मुद्देसूद लिहिला होतात."

साहेब बंगल्यावर होते. मी उभ्यानेच सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि चष्मा काढून विचारले, "म्हणजे तुम्ही आधी खोटं लिहिलंत, की आता लिहिणार आहात?"

"आधी न पाहता लिहिलं, साहेब."

"आणि आता पाहिलंत ते कुठं? मेव्हण्याच्या शेतात. त्यावर मी सही फिरवू?"

"नाही. माळेगावच्या चारीवर पुढच्या पाळीला मी पाण्याबरोबर शेवटपर्यंत चालेन. प्रत्येक शेताशी पाणी कधी पोहोचलं, कधी थांबलं, ते लिहून आणीन. तोवर तात्यांच्या जागी दुसरा माणूस कायम करू नये, एवढं मागतो."

"यात तुमच्या नोकरीच्या कागदावर शेरा येईल, हे लक्षात आहे ना?"

लक्षात होते. तो शेरा आला, आणि माझी बढती त्यामुळे दोन वर्षे मागे पडली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तो शेरा मी लिहिलेल्या अहवालापेक्षा अधिक खरा होता.

पाळीच्या दिवशी मी तात्यांना बोलावून घेतले. ते आले, नमस्कार केला आणि पुढे चालू लागले. साऱ्या वाटेत ते कामापुरतेच बोलले. "हितं बीळ हाय, पानी गिळतं." "हितं वाळू लागते." मी लिहीत गेलो. दार त्या दिवशी मुद्दाम बरोबर वेळेला मिटविले होते. शेवटच्या शेताच्या बरेच अलीकडे पाणी संपले. तिथे मिरची लावलेला एक शेतकरी खोरे घेऊन उभा होता. आम्हांला पाहून त्याने सुकलेल्या सऱ्यांकडे हात केला. त्याचे ते नुकसान माझ्या मोजणीसाठी झाले होते. मी तेही लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चारीला जादा पाणी मंजूर होईपर्यंत साहेबांच्या दारातून हललो नाही.

तात्या तीन आठवड्यांनी कामावर परतले. त्या चारीला अर्धा तास अधिक देण्याचा लेखी हुकूमही निघाला. तो कागद मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन गेलो. मी माफी मागितली. शब्द मनात जुळवून ठेवले होते, ते सगळे म्हटले. त्यांनी कागद डोक्याला लावून त्याची घडी केली.

"नोकरी दिली, लई बरं झालं," ते म्हणाले. "पन साहेब, तीन आठवडं चावडीवर मला पानीचोर म्हनत्यात. पोरीच्या सासरपातुर गेलंय त्ये. कागद तितं कोन वाचनार?"

"मी सांगतो."

"हितं माझ्या म्होरं सांगून काय उपेग? तितं सांगा."

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी सायकलवरून त्यांच्या गावी गेलो. चावडीवर दहा-बारा माणसे होती. तात्या नव्हते; त्यांच्या चारीला त्या दिवशी पाणी होते. मी जोडे काढून उभा राहिलो आणि म्हणालो की तात्यांनी पाणी कोणाला विकले नाही, कोणाला चोरून दिले नाही. ते जादा वेळ देत होते तो शेवटच्या शेताला पाणी पोहोचावे म्हणून. मी न पाहता लिहिले आणि चूक माझी आहे.

"मंग साहेब, तवाच का न्हाय बघितलं?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"ऊन होतं," मी म्हणालो. "आणि मला वाटलं, मला कळतं."

कोणीतरी हसले. दुसरा एकजण, बहुधा ज्याने तात्यांना मोठ्याने नावे ठेवली असावीत तो, खाली बघत म्हणाला, "ह्ये त्याच्या तोंडावर सांगायचं व्हतं."

"त्यांना सांगितलं. त्यांनीच मला इथं पाठवलं आहे."

तेवढ्यात रानातून आणखी चौघे-पाचजण येऊन टेकले आणि कोण आलंय, काय झालंय असे एकमेकांना विचारू लागले. म्हाताऱ्याने सरकून मला घोंगडीवर जागा करून दिली. मी बसलो, आणि नव्याने आलेल्यांसाठी ते सारे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.